खुर्च्या चारच का?

काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये एका चित्रापुढे बराच वेळ रेंगाळले होते. माणसाहून उंच कॅनव्हास. निळसर रेशमी झगा घातलेली, हातात ब्रश घेतलेली चित्रकार बाई आणि तिच्या खुर्चीमागे उभ्या दोन विद्यार्थिनी. आदेलाईद लाबीय-गियारने १७८५ साली काढलेलं हे स्वतःचंच चित्र.

आणि माझ्या मनात पहिला प्रश्न कुठला यावा? "ही सरस, की ती एलिझाबेथ व्हिजे लब्रं?"

लाज वाटली, पण खरं ते सांगते.

या दोघींना पॅरिसच्या रॉयल अकादमीत एकाच दिवशी प्रवेश मिळाला, ३१ मे १७८३ रोजी. अकादमीत बायका जास्तीत जास्त चार, असा दंडक होता. दोघी आधीच होत्या. या दोघी आल्या आणि कोटा भरला. व्हिजे लब्रं राणी मारी आंत्वानेतची आवडती चित्रकार, तर लाबीय-गियार पुढे राजाच्या आत्यांची. मग काय, लोकांनी जोडी लावून दिली! प्रदर्शन भरलं की तुलना ठरलेली.

एका गोष्टीत मात्र लोकांनी दोघींना अगदी समान वागवलं. एकीची चित्रं म्हणे मेनाजो काढून देतो, दुसरीची व्हँसाँ. लाबीय-गियारने अकादमीच्या काही सदस्यांनाच समोर बसवून त्यांची व्यक्तिचित्रं काढली. आता म्हणा, दुसऱ्याने काढलं म्हणून!

दोघींमध्ये चुरस नव्हतीच, असं मी म्हणत नाही. असेलही, माणसंच ती. चुरस पुरुष चित्रकारांतही होती. पण त्यांच्यातल्या कोणाला 'हे नक्की तूच काढलंस ना?' असं उठसूट कोणी विचारत नव्हतं, आणि त्यांच्यासाठी चारच खुर्च्याही नव्हत्या.

आमच्या घरी आई आणि काकू यांची अशीच जोडी लावलेली होती. सणाच्या पंगतीत पहिल्या घासालाच प्रश्न यायचा, "आज पुरण कोणाच्या हातचं?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसायचं. दोघी हसून साजरं करायच्या. पण पुढे पुढे काकू पुरणाला हातच लावेनाशी झाली. (काकू, तू हे वाचत असशील तर रागावू नकोस. विचारणाऱ्यांत मीही होते.)

लाबीय-गियारची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट त्या चित्रात नाही. १७९० साली, क्रांतीच्या धामधुमीत, तिने अकादमीच्या सभेत मागणी केली की बायकांवरची ही चारची मर्यादाच काढून टाका. व्हिजे लब्रं तोवर देश सोडून गेली होती. प्रतिस्पर्धी नाही, मैदान मोकळं. अशा वेळी हिने स्वतःची खुर्ची घट्ट धरून बसायचं, की आणखी खुर्च्या मागायच्या?

पुढे अकादमीच बरखास्त झाली. १७९५ साली तिच्या जागी नवी संस्था आली, तिच्यात बायकांना एकही खुर्ची नव्हती. चाराचं शून्य झालं.

म्हणून आता दोन बायकांची तुलना कानावर आली की मी 'कोण सरस?' हे विचारायच्या आधी खुर्च्या मोजते. जमतंच असं नाही. पण सवय लावून घेते आहे.