वर्षाची तबकडी : काळोखातील एक आलाप

सालाबादप्रमाणे वर्षअखेरीस या सदरात आम्ही वर्षभर अधिक ऐकलेल्या एका ध्वनिमुद्रिकेचा परिचय करून देत आहोत. आजवर नाट्यपदे झाली, अभंग झाले. यंदाची निवड पाहून मात्र काही वाचक आमची कानउघाडणी करतील. पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदाची मार्च 1973 मध्ये निघालेली ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही ती तबकडी. असल्या संगीताला सायकेडेलिक रॉक म्हणतात. ते हणजूणच्या किनाऱ्यावरील हिप्पींचे, अशी समजूत करून घेऊन आम्ही फोंडेकर देवळांच्या सावलीत पन्नास वर्षे निश्चिंत होतो. पुतण्याने हट्टाने ऐकवली नसती तर पुढेही तसेच राहिलो असतो.

तबकडीचा आरंभ हृदयाच्या ठोक्यांनी होतो आणि शेवटही त्यांनीच. मधे निसटता काळ, पैसा, वेड आणि मृत्यू. वेड या मंडळींना परके नव्हते; त्यांचा आरंभीचा सूत्रधार सिड बॅरेट मनाचा तोल ढळल्याने 1968 मध्येच त्यांच्यापासून दुरावला होता. घड्याळांचा एकदम उठणारा गजर वगैरे प्रकार आम्हाला अंमळ नाटकी वाटले, हे कबूल करतो. पण पहिल्या बाजूच्या अखेरीस ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ लागले आणि आम्ही हातातील वर्तमानपत्र खाली ठेवले. रिचर्ड राइट यांच्या पियानोवर एक स्त्री शब्दावाचून गाते. विषय मृत्यूचा. तो आवाज आधी आक्रोशतो, मग थकतो, आणि अखेर कोणी समजूत घालावी तसा हळूहळू खाली उतरतो.

ही गायिका क्लेअर टॉरी. जानेवारी 1973 मधील एका रविवारी तिला लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत बोलावून घेतले. शब्द दिले नाहीत, चालही दिली नाही. आपला गळा हेच एक वाद्य असे मानून ती सुचेल तसे गायली आणि 30 पौंड मानधन घेऊन घरी गेली. हे काही तबकडीत येणार नाही, अशीच तिची समजूत होती. दुकानात तबकडीवर नाव वाचले तेव्हा तिला कळले. नाव होते ते केवळ गायिका म्हणून. रचना एकट्या राइट यांची. तबकडी कोट्यवधींनी खपली. 2004 मध्ये तिने दावा लावला, 2005 मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनेच्या श्रेयात तिचेही नाव येते.

आम्हाला आधी या दाव्याचेच नवल वाटले. आलाप गाणाऱ्याचा नव्हे तर कोणाचा? परंतु फोंड्यात बसून ही बढाई मारणे शोभणारे नाही. येथील देवळांच्या सेवेतील कलावंतिणींच्या गळ्याला दाद मिळे, त्यांना स्वतःला मान मिळत नसे.

याच तालुक्यातील केरी गावी 1892 मध्ये केसरबाई केरकर जन्मल्या. अल्लादियाखाँसाहेबांच्या या शिष्येने आपला गळा यंत्राच्या स्वाधीन फार जपून केला. मागे राहिल्या त्या तबकड्या थोड्या. त्यांपैकी ‘जात कहां हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 मध्ये अमेरिकेच्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत गेली. तिच्या जोडीला चक बेरी यांचे एक रॉक गाणेही आहे, म्हणजे आमच्या निवडीला तेवढा आधार आहेच. दोहोंतील शेवटचे यान 5 सप्टेंबरला सुटले. 16 सप्टेंबरला बाई गेल्या.

परवा पुतण्याला आम्ही ती भैरवी ऐकवली. संपेपर्यंत तो जागचा हलला नाही. मग त्याने उठून आपल्या तबकडीची दुसरी बाजू लावली. तिची सुरुवात नाण्यांच्या खणखणाटाने होते.