पॅरिसचा निकाल, वॉशिंग्टनचा हिशेब

दुसऱ्या देशातली निवडणूक म्हणजे आपल्याच घरच्या भांडणाचा निवाडा, असे मानायची खोड बड्या राष्ट्रांना सहज लागते. ६ मे २००७ च्या रात्री अमेरिकेत हेच घडले. फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीत उजव्या पक्षाचे निकोला सार्कोझी ५३ टक्के मते घेऊन निवडून आले आणि समाजवादी पक्षाच्या सेगोलेन रोयाल ४७ टक्क्यांवर थांबल्या. अध्यक्ष बुश यांनी त्याच संध्याकाळी फोन करून अभिनंदन केले. रिपब्लिकन गोटात आनंदाची लाट उसळली. फ्रान्स अखेर शुद्धीवर आला, समाजवादाला विटला, अमेरिकेकडे परतला, असा सूर लागला. उदारमतवादी वर्तुळांत ‘युरोपला आता आपला बुश मिळाला’ म्हणून बोटे मोडली गेली. आनंद आणि खंत या दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीतक होते. फ्रान्समध्ये उजवा जिंकला की सरकारचा पसारा आवरतो आणि देश अमेरिकेच्या जवळ येतो. डावा जिंकला की याच्या उलट होते. हे गृहीतक चुकीचे होते आणि आहे. फ्रान्सची पुढची अध्यक्षीय निवडणूक २०२७ मध्ये होईल, तेव्हा हाच हिशेब पुन्हा मांडला जाईल. म्हणून २००७ चा तो प्रसंग पुराव्यानिशी तपासून पाहणे आजही गरजेचे आहे.

त्या आनंदामागची कारणे समजण्यासारखी होती. फेब्रुवारी २००३ मध्ये परराष्ट्रमंत्री दॉमिनिक द व्हिलपँ यांनी सुरक्षा परिषदेत इराक युद्धाला विरोध करणारे भाषण केले, तेव्हा सभागृहात टाळ्या वाजल्या. वॉशिंग्टनमध्ये मात्र त्या टाळ्या जिव्हारी लागल्या. पुढच्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहांतल्या ‘फ्रेंच फ्राइज’चे नाव बदलून ‘फ्रीडम फ्राइज’ करण्यात आले. २००४ च्या निवडणुकीच्या काळात बुश यांचे डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी जॉन केरी ‘फ्रेंच दिसतात’, अशी टीका बुश यांच्या बाजूने झाली, आणि ती टीका मतदारांना कळेल याची खात्री करणाऱ्यांना होती. अशा वातावरणात सप्टेंबर २००६ मध्ये सार्कोझी वॉशिंग्टनला आले, बुश यांना भेटले आणि आपल्याच देशाच्या उद्दामपणावर जाहीर टीका करून गेले. ‘जास्त काम करा, जास्त कमवा’ ही त्यांची घोषणा होती आणि कामाच्या ३५ तासांच्या आठवड्यावर त्यांचा रोख होता. उपाहारगृहाची जुनी पाटीही त्याच वर्षी गाजावाजा न करता परत लागली. चार वर्षे फ्रान्सवर चिडलेल्या माणसाला असा नेता आपला वाटला, तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र वाटणे वेगळे आणि असणे वेगळे.

पहिली गोष्ट म्हणजे, फ्रान्स २००७ मध्ये डावीकडून उजवीकडे वळलाच नव्हता. १९९५ पासून अध्यक्षपद उजव्या बाजूच्या झाक शिराक यांच्याकडे होते. १९९७ ते २००२ या पाच वर्षांत लिओनेल जोस्पँ यांचे समाजवादी सरकार होते, ते गेल्यावर अध्यक्षपद आणि सरकार दोन्ही उजव्यांच्याच हाती राहिले. सार्कोझी हे याच सरकारचे अर्थमंत्री आणि नंतर गृहमंत्री. मार्च २००७ पर्यंत ते गृहमंत्रिपदावर होते. इराक युद्धाला विरोध करणारे शिराक आणि व्हिलपँ त्यांच्याच पक्षाचे. म्हणजे अमेरिकेतल्या उजव्यांनी ज्याला सत्तांतर समजून जल्लोष केला, तो एकाच बाजूचा अध्यक्षीय निवडणुकीतला सलग तिसरा विजय होता. सार्कोझी यांचे कसब असे, की सत्तेत राहूनच त्यांनी ‘जुन्या कारभाराशी फारकत’ हा प्रचाराचा मुद्दा केला आणि मतदारांना तो पटवूनही दिला.

दुसरी गोष्ट म्हणजे, निवडणूक लढली गेली ती कामाचे तास, मजुरी, सुरक्षितता आणि स्थलांतर या प्रश्नांवर. २००५ च्या शरद ऋतूत पॅरिसच्या उपनगरांत पेटलेल्या दंगली लोक विसरले नव्हते. २००२ मध्ये अतिउजवे ज्याँ-मारी ल पेन जवळपास १७ टक्के मते घेऊन दुसऱ्या फेरीत पोचले होते. २००७ च्या पहिल्या फेरीत त्यांची मते साडेदहा टक्क्यांच्या आसपास आली. ही घट आपोआप झाली नव्हती. स्थलांतर आणि राष्ट्रीय ओळख यांसाठी स्वतंत्र मंत्रालय काढू, असे सार्कोझी यांनी प्रचारात सांगितले आणि निवडून आल्यावर ते काढलेही. अतिउजव्यांचा मुद्दा मुख्य प्रवाहातल्या पक्षाने उचलला, की अतिउजवे खचतात की त्यांच्या मुद्द्याला प्रतिष्ठा मिळते, हा त्या निवडणुकीने उभा केलेला खरा प्रश्न होता. उत्तर पाच वर्षांत आले. २०१२ च्या पहिल्या फेरीत मारीन ल पेन यांनी वडिलांची २००२ ची टक्केवारीही ओलांडली. पुढे अमेरिकेच्या राजकारणाला हाच प्रश्न भेडसावणार होता. पण २००७ मध्ये तिकडच्या बहुतेक चर्चेत सार्कोझी बुश यांचे मित्र आहेत की नाहीत, याचाच काथ्याकूट चालला.

तिसरी गोष्ट सरकारच्या पसाऱ्याची. फ्रान्सच्या उजव्या राजकारणाचा पाया शार्ल द गॉल यांनी घातला आणि त्या परंपरेत राज्यसंस्था ही राष्ट्राच्या अभिमानाची गोष्ट आहे. २००४ मध्ये आल्स्तोम ही रेल्वे आणि वीजयंत्रे बनवणारी कंपनी बुडायला आली, तेव्हा अर्थमंत्री सार्कोझी यांनी ब्रसेल्समधल्या युरोपीय आयोगाशी भांडून सरकारी पैसा ओतला; सरकारकडे कंपनीचा सुमारे २१ टक्के हिस्सा आला. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी जादा कामाच्या मोबदल्यावरचा कर माफ केला, श्रीमंतांच्या एकूण करभाराला उत्पन्नाच्या ५० टक्क्यांची मर्यादा घातली, २०१० मध्ये निवृत्तीचे किमान वय ६० वरून ६२ केले. पण ३५ तासांचा कायदा पुस्तकात राहिला, संपत्ती कर राहिला, कराची ती मर्यादा २०११ मध्ये त्यांनीच काढून टाकली आणि सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिकच राहिला. लीमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक कोसळल्यावर दहा दिवसांनी, २५ सप्टेंबर २००८ रोजी, तूलाँच्या सभेत त्यांनी बाजाराला मोकाट सोडण्याचा काळ संपल्याचे ठणकावून सांगितले. मे २००७ मध्ये ज्यांनी त्यांना मुक्त बाजाराचा पाईक ठरवले होते, त्यांना तूलाँचे भाषण अनपेक्षित वाटले असेल. आल्स्तोमचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

आता मैत्रीचा मुद्दा. इथे पुरावा सर्वांत बोलका आहे. १९६६ मध्ये नाटोच्या लष्करी रचनेतून फ्रान्सला बाहेर काढणारे द गॉल उजवे होते. २००३ मध्ये इराकवर अमेरिकेला आडवे गेलेले शिराक उजवेच होते. याउलट १० मे १९८१ रोजी समाजवादी फ्रान्स्वा मित्तराँ निवडून आले आणि पुढच्या महिन्यात चार कम्युनिस्टांना त्यांनी मंत्री केले, तेव्हा वॉशिंग्टनच्या पोटात गोळा आला. उपाध्यक्ष जॉर्ज बुश थोरले पॅरिसला जाऊन धडकले आणि अमेरिकेने आपली चिंता उघड बोलून दाखवली. त्यानंतर महिनाभरातच, जुलैमध्ये ओटावाच्या शिखर परिषदेत, मित्तराँ यांनी रेगन यांना बाजूला घेऊन एक गुपित सांगितले. व्लादिमीर व्हेत्रोव्ह नावाचा केजीबीचा अधिकारी फ्रान्सला कागदपत्रे पुरवत होता आणि पाश्चात्त्य तंत्रज्ञान सोव्हिएत संघ कसे पळवतो, याचा तपशीलच त्यांत होता. फ्रेंचांनी या प्रकरणाला ‘फेअरवेल’ असे नाव दिले होते. हा साठा मित्तराँ यांनी रेगन यांच्या हवाली केला. पुढे जानेवारी १९८३ मध्ये जर्मन संसदेत जाऊन याच समाजवादी अध्यक्षाने अमेरिकी क्षेपणास्त्रे युरोपात ठेवण्याची बाजू मांडली आणि १९९१ च्या आखाती युद्धात फ्रेंच सैन्य अमेरिकेसोबत उतरवले. कम्युनिस्ट मंत्र्यांकडे बोट दाखवणाऱ्यांना १९८१ मध्ये जे दिसले नाही, तेच २००७ च्या उत्साही मंडळींनाही दिसले नाही. पॅरिसचे परराष्ट्र धोरण पक्षाच्या रंगावर ठरत नाही. स्वतःचा अणुबाँब, सुरक्षा परिषदेतली कायमची जागा आणि कोणाच्याही मागे फरफटत न जाण्याचा आग्रह यांवर ते ठरते.

सार्कोझी यांनी हे लपवलेही नव्हते. विजयाच्या रात्री पॅरिसच्या साल गावो सभागृहात बोलताना त्यांनी अमेरिकी मित्रांना उद्देशून दोन गोष्टी सांगितल्या. गरज पडेल तेव्हा फ्रान्स तुमच्या बाजूला असेल. पण मित्रांचे मत वेगळे असू शकते हे स्वीकारण्यातच मैत्री असते, आणि हवामान बदलाच्या लढाईत अडथळा न आणता तिचे नेतृत्व करणे हे अमेरिकेसारख्या मोठ्या राष्ट्राचे कर्तव्य आहे. पहिले वाक्य अमेरिकेतल्या उजव्यांनी उचलून धरले, दुसरे त्यांच्या कानांवरून गेले. ७ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत ते बोलले, तेव्हा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पडलेल्या अमेरिकी तरुणांच्या उल्लेखाने सभागृह उभे राहिले. त्याच भाषणात त्यांनी घसरत्या डॉलरमधून आर्थिक युद्ध पेटू शकते, असा इशारा दिला आणि हवामानाचा मुद्दा पुन्हा काढला. त्यांना ‘युरोपचा बुश’ म्हणणाऱ्या उदारमतवाद्यांनी तरी ही वाक्ये ऐकायला हवी होती. क्योतो कराराकडे पाठ फिरवणाऱ्या अध्यक्षाला जगासमोर असे सुनावणारा नेता त्या अध्यक्षाची नक्कल कसा ठरतो?

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. सार्कोझी यांच्या काळात फ्रान्स खरोखर अमेरिकेच्या जवळ आलाच ना? आला. २००८ मध्ये त्यांनी अफगाणिस्तानात सुमारे ७०० सैनिक जादा पाठवले आणि त्याच ऑगस्टमध्ये उझबिनच्या खोऱ्यात दहा फ्रेंच सैनिक मारले गेले. २००९ मध्ये फ्रान्स नाटोच्या लष्करी रचनेत परतला. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण जवळीक उजव्या पक्षाने आणली असती, तर २०१२ मध्ये समाजवादी फ्रान्स्वा ओलांद आल्यावर ती ओसरायला हवी होती. झाले उलटे. ओलांद यांनी नाटो सोडला नाही. जानेवारी २०१३ मध्ये मालीत सैन्य उतरवले, तेव्हा अमेरिकी विमानांनी त्या सैन्याची वाहतूक केली. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावर हल्ल्याचा प्रश्न आला, तेव्हा ब्रिटिश संसदेने माघार घेतली आणि ओलांद ओबामांच्या सोबत उभे राहिले. त्या वेळी फ्रान्सचा ‘आमचा सर्वांत जुना मित्र’ असा गौरव करणारे अमेरिकी परराष्ट्रमंत्री होते जॉन केरी. दहा वर्षांपूर्वी ‘फ्रेंच दिसणे’ ज्यांच्यासाठी शिवी ठरवली गेली, तेच हे केरी. आणि सार्कोझी यांच्या जवळिकीलाही मर्यादा होत्याच. इराकमध्ये त्यांनी सैन्य पाठवले नाही आणि नाटोत परतताना आपला अणुबाँब संपूर्णपणे स्वतःच्या हातात ठेवला.

दुसरा आक्षेप असा, की परदेशाच्या निकालातून प्रत्येक देश आपल्यापुरता धडा घेणारच. त्यात वावगे काय? धडा घेण्यात काहीच वावगे नाही, पण तो आधी नीट वाचावा लागतो. प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती न्यूट गिंग्रिच यांनी सार्कोझी यांच्या विजयातून सत्ताधारी पक्षालाही बदलाचा झेंडा घेता येतो, हा धडा काढला आणि रिपब्लिकनांपुढे ठेवला. इतरांच्या मानाने हे वाचन चांगले होते, कारण त्यात फ्रेंच निवडणुकीतली एक खरी गोष्ट पकडली होती. तरी २००८ मध्ये रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांना तो उपयोगी पडला नाही. बुश यांच्या युद्धाचे आणि आर्थिक पडझडीचे ओझे त्यांच्या डोक्यावर होते, शिराक यांच्या कारभाराचे तेवढे ओझे सार्कोझी यांच्यावर नव्हते. ज्या धड्याचा त्या वेळी कोणी फारसा विचार केला नाही, तो दुसरा होता. त्या निवडणुकीत सुमारे ८४ टक्के नोंदणीकृत फ्रेंच मतदारांनी मतदान केले. निम्म्याच्या जरा वर मतदान झाले की समाधान मानणाऱ्या अमेरिकेने लोकांना केंद्रांपर्यंत आणणाऱ्या या चुरशीचा अभ्यास करायला हवा होता.

हे लिहिताना आपल्याला हात झटकता येत नाहीत. अमेरिकेत रिपब्लिकन बरे की डेमोक्रॅट, याचा काथ्याकूट आपल्याकडे दर चार वर्षांनी होतो. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध लादणारे क्लिंटन २००० मध्ये भारतात आले आणि दोन्ही देशांतले वातावरण बदलून गेले, हे आपण सोयीने विसरतो. फ्रान्सचा तर आपल्याला थेट अनुभव आहे. १९९८ मध्ये उजवे अध्यक्ष शिराक आणि समाजवादी पंतप्रधान जोस्पँ एकत्र कारभार करत असताना फ्रान्सने भारतावर निर्बंध लादले नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरच्या अणुभट्ट्यांचा करार डिसेंबर २०१० मध्ये सार्कोझी यांच्या भेटीत झाला. भट्ट्या विकणारी आरेवा ही तेव्हा फ्रेंच सरकारच्या मालकीची कंपनी होती, आणि तिच्यासाठी शब्द टाकायला आले होते उजवे अध्यक्ष. ओलांद आणि त्यांच्यानंतर मॅक्राँ यांनीही तो प्रकल्प पुढे रेटला. प्रकल्पाच्या जागेजवळच्या माडबन परिसरातल्या ज्यांनी जमिनी आणि मासेमारीसाठी आंदोलन केले, त्यांच्या दृष्टीने पॅरिसमध्ये कोणता पक्ष आहे याने काहीच बदलले नाही.

लोकशाहीत मतदार कौल देतो तो त्याच्या रोजीरोटीवर, मुलांच्या भवितव्यावर आणि मनातल्या भीतीवर. त्या कौलाला परक्या देशाच्या वादातला साक्षीदार म्हणून उभे करणे हा त्या मतदारावर अन्याय आहे आणि आपल्या समजुतीचे नुकसानही. १९८१ मध्ये वॉशिंग्टन घाबरले ते उगाच, २००७ मध्ये हुरळले तेही उगाच. दोन्ही वेळा कारण एकच: फ्रेंच माणूस काय म्हणतो आहे हे ऐकण्याआधी अर्थ ठरला होता. २०२७ मध्ये निकाल लागेल, तेव्हा आमचा मित्र जिंकला का, हा प्रश्न अमेरिकेने आणि आपणही जरा उशिरा विचारावा. पहिल्या फेरीत मते कुठून कुठे गेली, कोणत्या भागात कशावर राग होता, जिंकणाऱ्याने कोणाला काय वचन दिले, हे आधी पाहावे. एवढे कष्ट घेतले, तर मैत्रीच्या प्रश्नाचे उत्तरही बऱ्याच अंशी त्यातच मिळते.