पाणी, जमीन आणि मिळकत

मराठवाड्यातील विषमतेचा विषय निघाला की आकाशाकडे बोट दाखविण्याची आपल्या पुढाऱ्यांची जुनी खोड आहे. पाऊस कमी पडतो हे खरे. परंतु तो बांधाच्या दोन्ही बाजूंस सारखाच कमी पडतो. मग मिळकतीत एवढे अंतर का? 2016 च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. त्याच लातूर जिल्ह्याची ख्याती ऊस आणि साखर कारखाने यांचीही आहे! ज्याच्यापाशी खोल विंधनविहिरीपुरते भांडवल, त्याचे पाणी. कोरडवाहू सोयाबीनवाल्याने ढगांकडे पाहावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान, दक्षिण कोरिया व तैवान यांनी प्रथम कुळांस जमिनी दिल्या. कारखानदारी त्यानंतर वाढली, म्हणून त्या वाढीत खेड्यांनाही वाटा मिळाला. आपल्याकडेही हैदराबाद राज्यात 1950 साली कूळकायदा झाला होता. परंतु जमिनीबरोबर पाण्याची वाटणी झाली नाही आणि शेतावर न मावणाऱ्या हातांना जवळपास कामही उरले नाही. नांदेडच्या उस्मानशाही मिलचे काय झाले, हे नांदेडकरांस सांगावयास नको.

राहता राहिले शिक्षण. ‘लातूर पॅटर्न’चा लौकिक कष्टाने मिळविलेला आहे, तथापि त्याची वाट आता बव्हंशी खाजगी शिकवण्यांच्या दारातून जाते, आणि तेथे ऊसतोडीस गेलेल्या बापाचा मुलगा कोणते शुल्क भरणार? दांडेकर समितीने 1984 साली जिल्ह्याजिल्ह्यांचा अनुशेष मोजला. एकाच गावातील बागायतदार व मजूर यांच्यामधील अनुशेष मोजणे तिच्याकडे सोपविलेले नव्हते.