चाकाचे माप आणि स्वाराची उंची

डोंगरवाटांवर चालवायची सायकल घेण्यासाठी पाच फूट उंचीची एखादी शिक्षिका दुकानात शिरते, तेव्हा विक्रेता बहुधा २९ इंची चाकांची सायकल पुढे करतो, सीट अगदी खाली घेऊन देतो आणि ‘सवय होईल’ असे सांगून मोकळा होतो. वडिलांच्या उंच सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून, कैची मारीत शिकलेल्या पिढीला हे आश्वासन नवे नाही. परंतु त्या पोराची उंची पुढे वाढत असे. चाळिशीतल्या शिक्षिकेची वाढणार नाही. आणि दगडगोट्यांच्या उतारावर तोल गेला असता पाय जमिनीला टेकणे ही चैन नव्हे.

मोठ्या चाकाची महती खोटी आहे, असे नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात ही सायकल घडली ती २६ इंची चाकांवर. पुढे २९ इंच आणि त्यांच्या मधले साडेसत्तावीस इंच ही मापे रूढ झाली. मोठे चाक खळग्यात कमी अडकते, दगडावरून सहज चढते. मात्र २६ इंची चाकाच्या रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर, तर २९ इंचीचा ६२२. म्हणजे चाकाचा आस तीन सेंटिमीटरांहून अधिक वर सरकतो. त्यावर फोर्क, त्यावर हँडल. सहा फुटी माणसाला याचे काहीच वाटत नाही. ठेंगण्या स्वाराचे हँडल मात्र सीटच्याही वर जाते, चढावर पुढचे चाक हलके पडते, वळणावर पायाचा चवडा त्याच चाकाला लागतो आणि तीव्र उतारावर मागे सरकावे तर मागचे चाक आड येते.

गिअरचीही तीच कथा. चाक मोठे झाले की तोच गिअर सुमारे नऊ टक्क्यांनी जड होतो. तेव्हा पुढची ३२ दात्यांची चकती काढून ३० किंवा २८ दात्यांची बसवणे शहाणपणाचे. क्रँक सामान्यतः १७० वा १७५ मिलिमीटरचे येतात. आखूड पायांना १६५ किंवा त्याहून लहान हवेत. ब्रेकचा लिव्हर बोटांच्या आवाक्यात आणणारा स्क्रू बऱ्याच हायड्रॉलिक ब्रेकना असतोच. तो फिरवून देण्याचे कष्ट किती दुकानदार घेतात?

हा प्रश्न सुटण्याजोगा नव्हता, असेही नाही. अमेरिकेतील जॉर्जिना टेरी यांनी १९८५ मध्ये स्वतःची कंपनी काढून लहानखुऱ्या स्त्रियांसाठी पुढे २४ इंची आणि मागे नेहमीचे चाक असलेल्या, रस्त्यावरच्या सायकली विकल्या. त्यांना पुढच्या चाकाची अडचण सोडवायची होती. डोंगरउतारावर अडचण मागच्या चाकाची असते. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने डोंगरी शर्यतींत दोन मापांची चाके वापरण्यास २०१९ मध्ये मुभा दिली, आणि पुढे २९, मागे साडेसत्तावीस ही जोडी मान्य झाली. काही निर्माते तर सर्वांत लहान फ्रेमला दोन्ही चाके साडेसत्तावीस इंचीच लावतात.

म्हणून आधी फ्रेम पाहावी, चाकाचा आकडा नंतर. दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यावर मध्ये दोन-तीन इंच जागा उरली पाहिजे, हँडल खांदे न ताणता हाती आले पाहिजे. हे जमले आणि वाटा फार उतरत्या नसल्या, तर पाच फुटी स्वारानेही २९ इंची चाक जरूर घ्यावे. न जमल्यास दुकानदाराने लहान फ्रेम मागवून, ती चालवून पाहू द्यावी आणि मगच पैसे मागावेत.