लेप्याच्या कानातला खडा फेकू नका

लेपा तळायचा तर आधी कातडी ओढून काढायची, हे मला आईने शिकवलं. त्याच्या डोक्यात, कानाच्या पोकळीत, तिळाएवढे पांढरे खडे असतात, हे मात्र प्राणिशास्त्र शिकवायला लागल्यावर कळलं. घोळीच्या, ढोम्याच्या डोक्यातला खडा कोळणींना ठाऊक असतो, तो मोठा. लेप्याचा शोधायला चिमटा आणि भिंग लागतं.

वीसेक वर्षं मी विद्यार्थ्यांकडून हे खडे काढून घेतले. प्रत्येक जोडी कागदी पाकिटात, वर पेन्सिलीने तारीख, बंदर, लांबी, नर की मादी. डावा-उजवा वेगळा, कारण चपट्या माशाचा एक डोळा लहानपणीच दुसऱ्या बाजूला सरकतो आणि पुढे दोन्ही खडे सारखे वाढतातच असं नाही. मी निवृत्त झाले, कपाटाची सफाई झाली आणि पाकिटं कचऱ्यात गेली. ‘खडेच तर होते, मॅडम,’ असं मला सांगण्यात आलं.

१८९९ मध्ये योहानेस रायबिश यांनी बाल्टिक किनाऱ्यावरच्या प्लेस या चपट्या माशाच्या खड्यातली वलयं मोजून त्याचं वय काढलं. तेव्हा डोळ्यांना तेवढंच दिसत होतं. आज खड्याच्या कापावर लेझर फिरवून वलयागणिक स्ट्रॉन्शियम आणि बेरियम मोजतात. खडा कॅल्शियम कार्बोनेटचा. जन्मभर थरावर थर चढत जातो आणि एकदा बसलेला थर शरीर सहसा परत विरघळवत नाही. कॅल्शियमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियम शिरतं. समुद्रात चढलेल्या थरात ते साधारणपणे जास्त, नदीच्या मुखाजवळच्या थरात बेरियम जास्त. ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंवरून पाणी किती ऊन होतं याचा अंदाज येतो. मासा खाडीत वाढला की बाहेर, याचा माग असा लागतो.

वाचन सोपं नाही. इंग्लंडमधल्या संशोधकांनी प्लेस टाकीत वाढवून २०१५ मध्ये दाखवलं, की पाण्याइतकीच माशाच्या शरीराची अवस्था, विशेषतः विणीचा काळ, रक्तातलं आणि खड्यातलं रसायन बदलते. म्हणून पाकिटावरचा ‘मादी’ हा एक शब्द मला खड्याइतकाच मोलाचा वाटतो.

इंग्लंडच्या लोस्टॉफ्टमधल्या मत्स्य प्रयोगशाळेत कित्येक दशकांचे खडे जपलेले आहेत. आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक महाविद्यालयात असा एक खण हवा, आणि तो रिकामा करण्याचा अधिकार कुणा एकाला नसावा. खाडीत भराव पडला, नदीवर बंधारा आला, की त्याआधीचा लेपा कुणी पकडून आणू शकणार नाही. त्या पाण्याची नोंद राहील ती अशा पाकिटात.

चित्रं काढायला घरी आणलेली नऊ पाकिटं माझ्याकडे उरली आहेत. एकावर लिहिलंय : ७ डिसेंबर १९९८, मिरकरवाडा, १४ सें.मी., मादी. खडे अजून पांढरेशुभ्र आहेत. जी संस्था त्यांना कुलपाचं कपाट आणि नोंदवहीत एक ओळ देईल, तिथे मी ती स्वतः नेऊन देईन.