गोदावरीचे पाणी वाफ होऊन गेले?

नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडायची वेळ आली, की गोदाकाठी वादाला तोंड फुटते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली समन्यायी वाटपाचा आदेश दिल्यापासून तो अधिकच गाजतो. २०२३ च्या नोव्हेंबरातही गाजला. सोडलेले सारे पाणी पैठणला पोचत नाही, हे खरेच. पण ‘उरलेले वाफ होऊन गेले’ असे कोणी ठामपणे सांगू लागला, तर विद्यार्थी मित्रांनो, मान डोलावण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्या.

नाशिक ते पैठण हा नदीचा प्रवास दोनशे किलोमीटर आणि पाण्याची सरासरी रुंदी शंभर मीटर धरू. पृष्ठभाग झाला २ कोटी चौरस मीटर. आता रोज किती जाडीचा थर उडतो? वेधशाळेत यासाठी सुमारे सव्वा मीटर व्यासाचे उथळ भांडे ठेवतात. ते कडांनीही तापत असल्याने त्यातील पाणी जलाशयापेक्षा लवकर उडते, म्हणून मापाला साधारण ०.७ ने गुणतात. भांड्यात ८ मिलिमीटर घट झाली, तर नदीसाठी सुमारे ६ मिलिमीटर धरू.

हा आकडा पटण्यासारखा आहे का? एक किलोग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे २४५० किलोज्यूल उष्णता लागते. चौरस मीटरवरचा ६ मिलिमीटरचा थर म्हणजे ६ किलोग्रॅम पाणी. त्यास १४,७०० किलोज्यूल हवेत. आपल्याकडे निरभ्र दिवशी सूर्याकडून चौरस मीटरला सुमारे २०,००० किलोज्यूल मिळतात आणि त्यातलेही काही परत जातात. तेव्हा ६ मिलिमीटर हा अंदाज सढळ हातानेच केलेला आहे.

गुणाकार केला, की रोजचे १ लाख २० हजार घनमीटर येतात. प्रवासास पाच दिवस लागले, तर ६ लाख. एक टीएमसी म्हणजे मात्र २ कोटी ८३ लाख घनमीटर! म्हणजे शंभरातले जेमतेम दोन भाग. आमचा अंदाज दुपटीने चुकला तरी चारच.

मग बाकीचे पाणी कुठे जाते? कोरडी वाळू ते पिते, काठच्या विहिरींना पाझर फुटतो, वाटेतले बंधारे भरतात आणि काठावरचे पंपही काही मुके नसतात. यातला प्रत्येक वाटा वेगळा मोजता येतो. तो मोजायचे टाळून सगळा दोष उन्हावर ढकलणे मला तरी गैर वाटते.

गंमत अशी, की ऊन खरा हात मारते ते पाणी पोचल्यावर. नाथसागर उथळ आणि पसरट आहे. तो पूर्ण भरला असता पृष्ठभाग सुमारे ३५० चौरस किलोमीटर असतो. त्याच ६ मिलिमीटरने गुणा : दोन आठवड्यांत एक टीएमसी! त्यावर मात्र भांडणात फारसे कोणी बोलत नाही.

शिक्षकांनी शाळेच्या आवारात, सावली पडणार नाही अशा जागी, एक पसरट घमेले ठेवावे आणि रोज सकाळी ठरावीक वेळी पट्टीने पातळी मोजावी. वर जाळी मात्र हवीच, नाहीतर कावळ्यांनी प्यायलेले पाणीही बाष्पीभवनाच्या खात्यावर पडेल.