सूत्र वाचणारा वैद्य हवा

२००४ साली अमेरिकेतील ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा अर्सेनिक आढळले होते. अशा आक्षेपांना आपले एक उत्तर ठरून गेले आहे : ‘आमच्या औषधात धातुरूप पारा नाही, पारद-गंधकाचे संयुग आहे.’ परंतु त्या संयुगाचे सूत्र आपणांस खरोखर वाचता येते काय?

पाऱ्याची संज्ञा ‘एचजी’. ती ‘हायड्रार्जिरम’, म्हणजे जलरूप रजत, या जुन्या नावावरून आली. गंधकाची संज्ञा ‘एस’. कज्जलीचे समीकरण असे : एचजी + एस → एचजीएस. ही अक्षरे केवळ नावे नव्हेत. ती वजनेही सांगतात. पाऱ्याचे अणुवस्तुमान सुमारे २०१, गंधकाचे ३२. अर्थात १०० ग्रॅम पाऱ्याच्या पूर्ण संयोगास १६ ग्रॅम गंधक पुरतो. समगुण कज्जलीत आपण १०० ग्रॅम घालतो. म्हणजे सुमारे ८४ ग्रॅम गंधक मोकळाच उरतो. ‘कज्जली म्हणजे एचजीएस’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. समीकरण काय घडू शकते ते सांगते. आपल्या खलात ते पूर्ण घडले, याची ग्वाही देत नाही. मर्दन अपुरे राहिल्यास मुबलक गंधक असूनही पारा मुक्त राहू शकतो. निश्चंद्रत्वाची परीक्षा याचसाठी सांगितली आहे. मात्र डोळ्यांना मर्यादा आहेत.

प्रयोगशाळेचा अहवालही नीट वाचावा लागतो. शुद्ध एचजीएसमध्ये वजनाने सुमारे ८६ टक्के पारा असतो. एकूण पाऱ्याचा आकडा तो कोणत्या रूपात आहे हे सांगत नाही. संयुगाचे स्फटिकरूप ओळखण्यास क्ष-किरण विवर्तन परीक्षा लागते. आणि संयुग अविद्राव्य आहे, एवढ्याने त्याची निरुपद्रवताही सिद्ध होत नाही.

म्हणून औषधनिर्मात्यांनी प्रत्येक बॅचच्या नोंदीत घटकांच्या वजनांसोबत मुक्त पाऱ्याच्या तपासणीचा निष्कर्ष लिहावा आणि वैद्यांनी तो मागून पाहावा. सूत्राची ढाल पुढे करण्यापूर्वी ते वाचणे, हे रुग्णाप्रती आपले पहिले कर्तव्य होय.